'टेन्शन नको घेऊ बे!'

गेल्या वर्षभरात हे वाक्य मी निदान शंभरदा ऐकलंय. मित्रांकडून, मावशीकडून, एकदा तर ईसीजी काढणाऱ्या पोराकडूनही! मे महिन्याची दुपार. सीताबर्डी मेट्रो स्टेशनचा जिना चढलो आणि छाती धडधडायला लागली, हाताला मुंग्या आल्या, खात्रीच पटली की आता आपण मरणार. दवाखान्यात ईसीजी नॉर्मल, रक्त नॉर्मल. "काहीच झालं नाही तुला," म्हणे. झालं, विषय संपला!

संपत नाही हो. पुढे निदान झालं: पॅनिक डिसऑर्डर. नागपूरच्या उन्हात जिना चढल्यावर धडधड कुणालाही होते. तुमचा मेंदू म्हणतो, 'ऊन आहे.' माझा म्हणतो, 'हार्ट अटॅक!' मग भीतीने धडधड वाढते आणि धडधडीने भीती. डेव्हिड क्लार्क या मानसशास्त्रज्ञाने १९८६ साली हेच चक्र मांडलं. आपल्या भाषेत फीडबॅक लूप.

एक चाचणी असते. शब्दाचा अर्थ सोडा, फक्त अक्षरांचा रंग सांगा. 'मृत्यू', 'गुदमरणे' असल्या शब्दांचा रंग सांगताना पॅनिकचे रुग्ण अडखळतात, असं अनेक प्रयोगांत दिसलंय. म्हणजे धोक्याची खबर लक्ष आधीच पळवून नेते. तिथे तुमचा 'विचार करू नको' हा उपदेश पोचणार कसा? सर्व्हरचा अलार्म उगाच वाजत असेल तर आपण त्याला 'शांत हो बाबा' म्हणतो का? थ्रेशोल्ड बघतो ना?

उपचारही तेच करतात. थेरपीत मुद्दाम धडधड घडवून आणतात आणि काही होत नाही हे मेंदूला शिकवतात. लागली तर औषधंही असतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर शारीरिक आजारासारखाच मानसिक आजारालाही विमा द्यायला सांगितलंय. कायद्याला कळलं, आपल्याला कधी कळणार?

छातीत पहिल्यांदाच काही झालं तर आधी डॉक्टरच गाठा, तिथे शहाणपणा नको. पण रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून माणसाला खोटं पाडू नका. एवढंच म्हणा, "मी इथेच आहे. थोड्या वेळात उतरेल." मन मोकळं करायला कुणी नसेल तर सरकारचा टेलि-मानस, १४४१६, फुकट आहे.

असो. संध्याकाळी सीताबर्डीला जायचंय. लिफ्ट आहे, पण जिन्यानेच चढणार. मुद्दाम.