प्रोजेक्ट करणार की आणणार?



लेकरू इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला गेलं, की घरी मागणी येते, ‘प्रोजेक्टला पैसे पाठवा.’ पाठवा, पण आधी विचारा, प्रोजेक्ट करणार की आणणार? शहरात तयार प्रोजेक्ट दुकानात मिळतो, अहवालासकट. मार्क पडतात, पण हाताला काही लागत नाही.

त्यापेक्षा सुट्टीत त्याला कांदाचाळीत उभं करा. आत उष्णता किती, दमटपणा किती, मधल्या थरापर्यंत वारा पोचतो का, तळाचा कांदा दबतो का, हे रोज मोजून वहीत लिहू द्या. चाळीत सड कुठं सुरू झाली ते वेळेवर सांगणारं साधन जमलं, तर पहिलं गिऱ्हाईक शेजारच्याच वस्तीवर आहे. परवडेल ती किंमत मात्र तुम्हीच सांगा. ती कॉलेजात कुणी सांगत नाही.

गावात हे होतं का, असं म्हणाल. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. शाळा सोडलेली मुलं तिथं वेल्डिंग, बांधकाम, शेती प्रत्यक्ष करत शिकली. २००२ साली अमेरिकेतल्या मॅसेच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या साहाय्यानं तिथंच फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा, उभी राहिली.

वस्तू खरोखरच नवी निघाली, तर प्रदर्शनात मांडण्याआधी पेटंटचा तात्पुरता अर्ज करायला सांगा. पूर्ण तपशील द्यायला पुढं १२ महिने मिळतात. आणि पहिला नमुना चाळीत बंद पडला तर ओरडू नका, कशानं बंद पडला ते त्याच वहीत लिहायला लावा.