कम्प्युटर उत्तर देईल, प्रश्न कोण विचारणार?

माझी रूममेट मेकॅनिकलला आहे. परवा रात्री मॅगी होईपर्यंत तिने मला फोनवर एक अ‍ॅप दाखवलं, टॉपऑप्ट. खेळ सोपा आहे. एका चौकटीत आधार कुठे, भार कुठे आणि मटेरिअल किती वापरायचं, एवढंच तुम्ही सांगायचं. मग स्क्रीनवर हळूहळू झाडाच्या फांद्यांसारखा एक सांगाडा उमटतो.

याला टोपोलॉजी ऑप्टिमायझेशन म्हणतात. कम्प्युटर त्या जागेचे बारीक चौकोन पाडतो. जो चौकोन भार पेलतो तिथे मटेरिअल वाढवतो, जो नुसता बसून असतो त्याच्याकडून काढून घेतो. असं पुन्हा पुन्हा. २००१ मध्ये डेन्मार्कचे प्राध्यापक ओले सिग्मुंड यांनी हे सगळं अवघ्या ९९ ओळींच्या कोडमध्ये बसवलं आणि विद्यार्थ्यांसाठी खुलं केलं. २०१७ मध्ये त्यांच्या टीमने विमानाच्या पंखाची आतली रचना एक अब्जाहून जास्त ठोकळ्यांत मांडून सोडवली. त्यातून पंखाचं वजन २ ते ५ टक्के कमी होईल, असा त्यांचा अंदाज होता.

मग इंजिनीअर कशाला हवा? मीही हेच विचारलं. तिने भार जरासा बाजूला सरकवला. अख्खा सांगाडा बदलला.

“मग आधीचा इथे टिकला असता का?”

“त्याला या भाराबद्दल कुणी सांगितलंच नव्हतं ना,” ती म्हणाली.

माझ्या मते खरी मेख इथेच आहे. जुन्या जाडजूड डिझाइनमध्ये जादाचं मटेरिअल असतं, ते आपली एखादी चूक पोटात घालतं. काटकसरीने कोरलेल्या सांगाड्यात ती सोय फारशी उरत नाही. वारा आडवा आला तर? जोड कच्चा राहिला तर? असे अनेक भार एकत्र धरता येतात, पण ते कोणते हे आपल्यालाच सुचावं लागतं. ते सुचायला वर्कशॉपमध्ये हात काळे करावे लागतात, साइटवर उन्हात उभं राहावं लागतं.

आपण मात्र सॉफ्टवेअरच्या सर्टिफिकेटमागे धावतोय. बटणं दाबायला काय, कुणीही शिकेल.

म्हणून फायनल इयरवाल्यांनो, रिपोर्टमध्ये रंगीत चित्र चिकटवण्याआधी एक पान स्वतः लिहा: या वस्तूवर काय काय ओढवू शकतं? मार्क कदाचित चित्रालाच मिळतील. पण उद्या तुम्ही बांधलेल्या पुलावरून आम्ही जाणार आहोत.