पहिली कात्री

गेल्या महिन्यात आपल्या ऑडिटोरियममध्ये पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचं लेक्चर झालं. (अटेंडन्स कम्पल्सरी, म्हणून हॉल हाऊसफुल्ल!) पाहुण्यांनी स्क्रीनवर कमळाचं चित्र लावलं, खाली ‘बिगिनर्स माइंड’. मग झेन गुरूची आणि काठोकाठ भरलेल्या कपाची गोष्ट. कप रिकामा करा, लहान मूल व्हा, की सगळं शिकता येतं! टाळ्या. समोसे.

मला काही ते पटलं नाही. फर्स्ट इयरला आपल्या सगळ्यांचेच कप रिकामे होते की. तरी एम-वनला किती जणांना केटी लागली ते आठवा.

म्हणून तो मूळ शब्द काय आहे ते शोधत बसले. जपानीत शोशिन, चिनीत छूशिन, लिहायची अक्षरं दोन्हीकडे तीच. दुसरं अक्षर म्हणजे मन. पहिल्यात दोन तुकडे आहेत, एक वस्त्र आणि दुसरा सुरी. जुन्या चिनी कोशात त्याचा अर्थ दिलाय, कपडा बेतताना कापडाला लागलेला पहिला काप. म्हणजे सुरुवात. आता कुठल्याही शिंप्याला विचारा, महागाच्या कापडावर पहिली कात्री चालवताना हात क्षणभर थांबतोच. एकदा कापलं की कापलं. वर्कशॉपमध्ये फिटिंगच्या जॉबवर पहिल्यांदा हॅकसॉ ठेवली तेव्हा आपलं काय झालं होतं? तेच हे. यात रिकामा कप कुठे आला?

पुढे संस्कृत बौद्ध ग्रंथ चिनीत गेले, तेव्हा ‘प्रथमचित्तोत्पाद’ या शब्दासाठीही हेच अक्षर कामाला आलं. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं, हा शब्द मी तीनदा वाचला तेव्हा कुठे बोलता आला.) सगळ्यांच्या भल्यासाठी आपण बुद्ध व्हायचं, असा संकल्प मनात पहिल्यांदा उठणं, हा त्याचा अर्थ. म्हणजे इथे मन रिकामं नाही, उलट काहीतरी ठरवून बसलेलं आहे. रिकाम्या, मोकळ्या मनाचा अर्थ जगभर पोचवला तो शुन्र्यू सुझुकी या जपानी झेन गुरूंच्या पुस्तकाने. ते सॅन फ्रान्सिस्कोत शिकवायचे, पुस्तक 1970 चं. पुस्तकाशी माझं भांडण नाही. त्याच्या पोस्टरशी आहे.

मला सगळ्यात आवडला तो झेआमी. हा जपानच्या नो नाटकांचा नट आणि लेखक. 1424 च्या ‘काक्यो’ या ग्रंथात तो नटांना शोशिन विसरू नका म्हणून बजावतो. पण त्याला निरागस वगैरे काही म्हणायचं नाहीये. तुम्ही सुरुवातीला किती कच्चे होता, किती चुकत होता, ते विसरू नका, असं तो सांगतो. आणि हे एकदाच नाही, वयाच्या प्रत्येक टप्प्यावर माणूस नव्याने नवशिका होतो, म्हातारपणीसुद्धा. (स्टाफरूमने नोंद घ्यावी, ही नम्र विनंती!)

हे सगळं चीन-जपानचं म्हणून सोडून दिलं असतं, पण माझं गाव वटार. आमच्यापासून नालासोपारा जवळ, आणि तिथे सोपाऱ्याचा स्तूप. लोक त्या टेकाडाला बुरुड राजाचा कोट म्हणायचे. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी ते खणलं, तर आत दगडी पेटी, एकात एक ठेवलेले करंडक, सोन्याची फुलं, भिक्षापात्राचे तुकडे आणि आठ छोट्या मूर्ती निघाल्या. सात मूर्ती होऊन गेलेल्या बुद्धांच्या, आठवी मैत्रेयाची. मैत्रेय अजून बुद्ध व्हायचाय. म्हणजे सात पासआउट आणि एकाचं सबमिशन चालू, पण बसवलंय सगळ्यांना एकाच पेटीत!

त्याच वर्षी सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सापडला. तुकडाच, पण पूर्ण लेख गिरनारला आहे, म्हणून मजकूर कळतो. आधीचे राजे शिकारीला, मौजेला जायचे. अशोक राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षी बोधगयेला गेला आणि तेव्हापासून त्याच्या यात्रा बदलल्या. वृद्धांना भेटणं, खेड्यातल्या लोकांना भेटणं, त्यांच्याशी धर्माबद्दल बोलणं, विचारपूस करणं. दहा वर्षं सम्राट असलेला माणूस! आपल्याकडे थर्ड इयरचा मुलगा सेकंड इयरच्या मुलाला डाउट विचारत नाही.

मुलगाच कशाला, माझंच सांगते. मागच्या वर्षी एक फर्स्ट इयरची मुलगी ड्रॉइंग शीट घेऊन माझ्या रूमवर आली. ‘ताई, जरा बघता का?’ फर्स्ट अँगल प्रोजेक्शन, आणि हिने टॉप व्ह्यू फ्रंट व्ह्यूच्या वर काढलेला. ड्राफ्टरही बोर्डाला उलटा लावून आणला होता. मी हसले. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं, पण रात्री मेसमध्ये तो किस्सा मी ॲक्शनसकट सांगितला, आणि ती तीन टेबलं सोडून बसलेली होती. त्यानंतर ती कुणाच्याच रूमवर गेली नाही. ड्रॉइंगला केटी लागली. माझ्यामुळेच लागली असं मी म्हणणार नाही, पण माझ्यामुळे नाही असंही छातीठोकपणे म्हणता येत नाही.

हसणं म्हणजे रॅगिंग नाही, असं आपण म्हणतो. 1999 च्या महाराष्ट्राच्या कायद्यात मेसमधलं हसू पकडायची सोय आहे की नाही, ते वकील जाणोत. पण ज्युनियरला विचारायचीच लाज वाटावी, एवढं काम ते हसू नक्की करतं. रॅगिंगविरोधी बोर्ड नोटीस बोर्डाशेजारी लावलाय, तो राहू दे. त्याच्या शेजारी प्रत्येक सिनियरने आपलं पहिलं शीट लावावं, लाल शाईसकट. सरांनीही आपलं लावावं, सापडलं तर.

दिवाळीला वटारला गेले तेव्हा माळ्यावरच्या ट्रंकेत माझं शीट मिळालं. शीट नंबर एक. टॉप व्ह्यू वर! त्यावर सरांची लाल फुली, आणि टायटल ब्लॉक चक्क डावीकडे. हे मी साफ विसरले होते.

हॉस्टेलला परतल्यावर ते घेऊन तिच्या रूमवर गेले. काय बोलावं ते सुचेना, म्हणून नुसतं हातात दिलं. तिने दोन्ही बाजूंनी बघितलं, नाव वाचलं.

‘ठेवू का थोडे दिवस?’ म्हणाली.

अजून परत दिलेलं नाही.