तळेगावले हाओ!

मध्यंतरी एका मित्राकडे ईस्टर आयलंडवरची डॉक्युमेंटरी बघितली. पॅसिफिकमधलं एवढंसं बेट, तिथली रापा नुई भाषा आणि ती सोडून स्पॅनिश बोलणारी तिथली पोरं. 'सो सॅड यार' म्हणत आम्ही पिझ्झा मागवला. विषय संपला.

मग दिवाळी आली. पुणे-नागपूर फ्लाइट, पुढे अमरावतीसाठी लाल डबा. तळेगाव (श्यामजी पंत)ला गाडी थांबली, म्हणून चहाला उतरले. शेजारच्या बाकावर एक आजी नातवाशी बोलत होत्या. कान टवकारले. तेलुगू? नाही. गोंडी? विचारूनच टाकलं.

"कोलामी हाये आमची," आजी हसल्या. "याले समजते सारं, पन बोलत नाही. शाळेत पोट्टे हासतात म्हन्ते."

त्या 'ईर' म्हणाल्या की नातू पाण्याची बाटली द्यायचा, पण उत्तर मात्र मराठीत! ईर म्हणजे पाणी. तमिळमधलं 'नीर' आठवतंय? त्याचंच भावंड. कोलामी आहे द्रविड कुळातली. घराला म्हणतात 'एल्ला'.

बॉस, मी विदर्भात वाढले आणि मला हे ठाऊक नव्हतं! घरी पोचल्यावर शोधाशोध केली. मरे एमेनो नावाच्या भाषातज्ज्ञाने १९३०च्या दशकात भारतात फिरून भाषा टिपल्या. त्यात आपल्या वर्ध्याकडची कोलामीही होती. त्यावरचं त्याचं पुस्तक १९५५ साली कॅलिफोर्नियात छापलं गेलं. म्हणजे जी भाषा बर्कलीला माहीत होती, ती शेजारच्या अमरावतीत मला नव्हती.

२०११च्या जनगणनेत कोलामी बोलणारे १,२८,४५१. यवतमाळ, वर्धा, नांदेड, शिवाय तेलंगणातलं आदिलाबाद, सगळे मिळून. हिंजवडीत याहून जास्त लोक नोकरी करतात. पण खरा प्रश्न आकड्याचा नाहीच. आजीने हाक मारली की नातू कुठल्या भाषेत 'ओ' देतो, त्याचा आहे. भाषा मरते ती तिथे, बाकावर, चहा पिता पिता.

आणि त्या पोराला नावं ठेवणारी मी कोण? पुण्यात पहिल्याच महिन्यात माझ्या 'करून राहिली'वर अख्खं क्युबिकल हसलं होतं. त्या दिवसापासून माझी वऱ्हाडी सायलेंट मोडवर. आईचा फोन आला तरी ऑफिसात मी शुद्ध सदाशिव पेठी.

"मोजून दाखवतोस?" मी पोराला म्हटलं. तो लाजला. मग बोटं उघडत म्हणाला, "ओक्कोद, इंदिंग, मूंदिंग, नालिंग..." आणि पुढे, "पाच, सहा!" आजी खळखळून हसल्या. चार तर चार. त्याच्या तोंडून आले ना!

तेवढ्यात कंडक्टरने बेल मारली आणि माझा फोन वाजला. आई. "कुठं हायेस वं?"

गाडी भरलेली, सगळे ऐकत होते. म्हटलं, ऐकू देत.

"आई, तळेगावले हाओ. येऊनच राहिली!"