मेरी रडली का नाही?

मुलांनो, फ्रान्सिस हॉजसन बर्नेट यांची ‘द सीक्रेट गार्डन’ (१९११) ही कादंबरी वाचलीत का? भारतात जन्मलेल्या मेरीचे आई-बाबा कॉलऱ्याने जातात, पण ती आईसाठी रडत नाही. दगडाच्या काळजाची म्हणायची का? छे! आईने तिला जवळ केलंच नव्हतं. सांभाळायची ती आया. मायाच मिळाली नाही, तर आठवण कशाची येणार?

पुढे इंग्लंडमध्ये तिला एक रॉबिन पक्षी, डिकनसारखा मित्र आणि कुलूपबंद बाग भेटते, अन् मेरी हळूहळू माणसांत येते.

तुमच्या वर्गातही कुणी असं गप्प, तुटक असेल. ‘शिष्ट’ म्हणून चिडवू नका हं! मधल्या सुट्टीत डबा घेऊन शेजारी बसा. एवढं जमेल ना?