ग्रामसभेत हा विषय घ्या: सातारा-सांगलीकरांना आवाहन

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या सरपंचांना, मुख्याध्यापकांना, पतसंस्था-सोसायट्यांच्या सचिवांना आणि हातात फोन असलेल्या प्रत्येकाला ही कळकळीची विनंती आहे. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर एक विषय घ्या: गावाची माहिती गूगल आणि मेटा या कंपन्यांच्या हाती किती जाऊ द्यायची. पुढच्या सभेवर ढकलू नका.

कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांच्या वडगावनं २०२२ च्या ऑगस्टमध्ये काय केलं ते आठवा. करोनाकाळातल्या ऑनलाइन शाळेमुळे पोरांच्या हाती आलेला फोन सुटत नव्हता. सरपंच विजय मोहिते यांनी विषय मांडला, आशा आणि अंगणवाडी सेविका घरोघर गेल्या. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की टीव्ही आणि मोबाइल बंद, साडेआठला तो पुन्हा वाजेपर्यंत. एकट्यादुकट्या आईबापाला हे घरात जमलं नसतं. शेजारच्या पोराच्या हातात फोन असताना आपलं पोर ऐकणार कसं? सगळ्या गावानं एकाच वेळी खाली ठेवला, म्हणून जमलं.

आता याच रीतीनं पुढचं पाऊल टाकायचं आहे. शाळेच्या सूचना, पाण्याच्या पाळ्या, बचत गटाचे हप्ते, दहाव्याचे निरोप, सगळं एकाच कंपनीच्या, म्हणजे मेटाच्या, व्हॉट्सॲपवर येतं. एकट्यानं व्हॉट्सॲप सोडलं तर कंपनीला फरक पडत नाही, सोडणारा मात्र गावापासून तुटतो. एकेकट्या माणसाला दोष देण्यात म्हणूनच अर्थ नाही. जे सगळ्यांनी मिळून अंगवळणी पाडून घेतलं, ते सगळ्यांनी मिळूनच सोडवावं लागेल.

व्हॉट्सॲपच्या संदेशातला मजकूर कंपनीला वाचता येत नाही, हे खरं आहे. पण कोण कुणाशी, किती वाजता, किती वेळा संपर्क साधतं याचा माग तिच्याकडे राहतो. मेटाच्या उत्पन्नात शंभरातले सत्त्याण्णवहून अधिक रुपये जाहिरातींचे असतात, तेव्हा ही माहिती तिला कशासाठी हवी हे वेगळं सांगायला नको. २०२१ मध्ये व्हॉट्सॲपनं आपल्या अटी बदलल्या आणि त्या मान्य करण्यावाचून ग्राहकाला मार्ग ठेवला नाही. हळदीच्या सौद्यात काटाही व्यापाऱ्याचा आणि पट्टीही त्यानंच मनासारखी लिहायची, हे सांगलीचा शेतकरी ऐकून घेईल का? त्या अटींवरून भारतीय स्पर्धा आयोगानं १८ नोव्हेंबर २०२४ रोजी मेटाला २१३ कोटी १४ लाख रुपयांचा दंड ठोठावला. गूगलनं लोकांच्या ठावठिकाण्याचा माग ठेवण्याबाबत त्यांची दिशाभूल केली, या तक्रारीवरून २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ४० राज्यांनी तिच्याकडून ३९ कोटी १५ लाख डॉलर भरून घेतले.

कायदा आपल्या बाजूचा आहे, पण त्याची चाल संथ आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा व्हायला २०२३ उजाडलं आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. कंपन्यांवरची मुख्य बंधनं लागू करायला त्यात आणखी अठरा महिन्यांची मुदत ठेवली. या काळात गेलेली माहिती कोण परत आणून देणार?

साताऱ्याला यात सर्वांपेक्षा जास्त जपायला हवं. अपशिंगे मिलिटरीसारखी, घरटी सैनिक देणारी गावं या जिल्ह्यात आहेत. २०१८ च्या जानेवारीत स्ट्राव्हा या व्यायामाच्या ॲपनं काढलेल्या नकाशावर परदेशांतले लष्करी तळ उघडे पडले, कारण जवान धावताना ॲप चालू ठेवत होते. जुलै २०२० मध्ये भारतीय लष्करानं जवानांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ ॲप्स फोनमधून काढायला सांगितली. जवानानं काढली, पण घरच्यांचं काय? मुलगा सुट्टी संपवून कधी निघाला, कुठल्या स्टेशनवर उतरला, हे फोटोसह टाकणाऱ्या आयाबहिणींना हात जोडून विनंती आहे, ते टाकू नका. फोनवर बोला.

शाळांनी आधार कार्ड, जातीचे दाखले, बँक पासबुक व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर मागवणं आजच थांबवावं. ग्रुपमधल्या प्रत्येक फोनमध्ये त्याची प्रत उतरते आणि तिथून अनेकांच्या गूगल फोटोजमध्येही जाते. झेरॉक्स कार्यालयात घ्या, पोहोच द्या. पतसंस्थांनी आणि दूध संस्थांनी सभासदांचे नंबर रजिस्टरमध्ये लिहून ठेवावेत. ॲप बंद पडलं तर तेच कामी येतील: ४ ऑक्टोबर २०२१ ला व्हॉट्सॲप सुमारे सहा तास बंद होतं. जुलै २०२५ मध्ये तर युरोपच्या निर्बंधांचं कारण देऊन मायक्रोसॉफ्टनं नायरा एनर्जी या भारतातल्या तेल कंपनीच्या सेवा थांबवल्या आणि कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं. सेवा परत सुरू झाल्या, पण एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर तालुक्याच्या संस्थेनं आपली मेल आणि हिशेब परक्या कंपनीच्या एका खात्यावर सोडून निर्धास्त राहावं का? स्वतःच्या नावाचं डोमेन घ्या, म्हणजे सेवा देणारा बदलला तरी पत्ता बदलत नाही.

घरी करायचं ते एका संध्याकाळचं काम आहे. गूगल खात्यात जाऊन टाइमलाइन आणि वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी बंद करा, जुनी नोंद पुसा. फोनच्या सेटिंग्जमधून जाहिरात आयडी काढून टाका. लोकेशनची परवानगी फक्त ॲप वापरताना द्या. व्हॉट्सॲपच्या बॅकअपला एंड-टू-एंड कुलूप लावा आणि त्याचा पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवा, कारण तो हरवला तर कंपनीलाही बॅकअप उघडता येत नाही.

आणि गावानं मिळून निदान एक ग्रुप हलवावा. त्यासाठी मी सिग्नल हे निरोपांचं ॲप सुचवतो. तेही अमेरिकेतलंच आहे, पण ते नफा न कमावणारी संस्था चालवते. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयीन आदेशानं एका ग्राहकाची माहिती मागितली, तेव्हा खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं, एवढंच त्यांना देता आलं. बाकी काही साठवलेलंच नव्हतं. सुरुवात शाळेच्या पालक ग्रुपपासून करा. दोन्हीकडे महिनाभर सूचना टाका, मग जुना ग्रुप बंद करा. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांना निरोप कोण देणार, तेही ठरावातच नाव घालून लिहा. वडगावात घरोघर फिरलेल्या सेविकांसारखी माणसं प्रत्येक गावात आहेत. त्यांना आधी विचारा, त्यांचं काम वाढणार आहे. ठराव झाला की त्याची प्रत पंचायत समितीला द्या आणि एक शेजारच्या गावच्या सरपंचांना.