मोजपट्टीला पैसे कोण देणार?

दिवाळीत गावाकडच्या विहिरी वर्षभरातल्या सर्वांत भरलेल्या असतात. पाऊस सरलेला असतो आणि रब्बी तोंडावर असते. ज्वारी किती, हरभरा किती, गहू झेपेल का, हे याच दिवसांत ठरतं आणि बहुतेक ठिकाणी अदमासानेच ठरतं. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत मोजते. पण स्वतःचा हिशोब स्वतः मांडणारी गावं थोडी. हिवरे बाजार हे गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवतं, त्याचं आपल्याला अजून अप्रूप वाटतं. हे काम शाळेतली मुलं करू शकतात, आणि त्यासाठी पैसा उभा करायला हवा, हे यंदाच्या अंकाचं सांगणं आहे.

हजार हेक्टर शिवारावर 500 मिलिमीटर पाऊस झाला, तर 500 कोटी लिटर पाणी पडलं. हा झाला पाचवीतला गुणाकार. त्यातलं वाहून किती गेलं, मुरलं किती, हे शोधताना विज्ञान सुरू होतं. मुलं वजन बांधलेली टेप विहिरीत सोडतात. कठड्याची उंची वजा करायची राहिली, की पाणी आहे त्याहून खोल दिसतं. पंप सुरू झाल्यावर मोजलं, तर आकडा आणखी फसवतो. म्हणून मोजायचं ते सकाळी, मोटार चालू होण्याआधी. मग प्रश्न येतो : शेजारशेजारच्या दोन विहिरींत इतका फरक का? उत्तर पायाखाली असतं. राज्याचा सुमारे चार पंचमांश भाग बेसाल्टचा. कुठे सच्छिद्र, भेगाळलेला थर पाणी धरतो, तर कुठे अखंड काळा पाषाण थेंबही आत घेत नाही. बंधारा कुठे बांधावा, हे या थरांवर ठरतं; जमीन कोणाची, यावर नाही.

पाण्यावर आपण पैसा खर्च करत नाही, असं नाही. राज्य सरकारच्या ‘जलयुक्त शिवार’ योजनेवर साडेनऊ हजार कोटींहून अधिक रुपये खर्च होऊनही भूजल पातळी वाढण्यावर फारसा परिणाम झाला नाही, असे ताशेरे महालेखापरीक्षकांनी (‘कॅग’) 2020 मध्ये ओढले. त्यावर वाद पुष्कळ झाला. गावोगावच्या शाळांकडे दहा वर्षांच्या नोंदी असत्या, तर निदान आकड्यांवर तरी बोलता आलं असतं. केंद्राच्या 2008 च्या पाणलोट मार्गदर्शक सूचनांत निम्मा निधी प्रत्यक्ष कामांना होता, संस्थाबांधणी आणि प्रशिक्षणाला पाच टक्के. शिवाय प्रकल्प काही वर्षांत संपतो. शाळा गावातच राहते.

शाळेला पाण्याशी जोडण्याचा एक दाखला बाहेरचा आहे. अमेरिकेतल्या चेसापीक उपसागराच्या खोऱ्यात 2000 साली राज्यांनी मिळून ठरवलं, की शाळा संपण्याआधी प्रत्येक विद्यार्थ्याला नदी-ओढ्यावरचा अनुभव मिळायला हवा. दोनच वर्षांत तिथे संघीय अनुदानाची योजना सुरू झाली. ठरावामागोमाग पैसा आला, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

आपल्याकडे 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामासाठी बाजूला काढायला लावले. शिक्षण आणि पर्यावरण दोन्ही त्या यादीत आहेत. पण बंधाऱ्यावर पाटी लावता येते, वहीतल्या नोंदीवर नाही. खरं तर साहित्याला फारसा खर्च नाही. पर्जन्यमापक, टेप आणि नकाशा एवढं विकत घ्यायचं. समतल रेषा आखायची ए-फ्रेम दोन बांबू, एक आडवी काठी आणि ओळंब्याला दगड एवढ्यावर तयार होते. पैसा लागतो तो शिक्षकाच्या प्रशिक्षणाला, त्याची बदली झाली की पुढच्याच्या प्रशिक्षणाला, भूजलतज्ज्ञाच्या फेरीला आणि मुलांना माथ्यापासून पायथ्यापर्यंत फिरवणाऱ्या गाडीला. हा खर्च दरवर्षी येतो. एकरकमी देणगीने तो भागत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत माजी विद्यार्थ्यांचे मेळावे भरतील. कमानीला, रंगाला, संगणकाला वर्गणी निघेल. त्यांना आमची विनंती आहे : रक्कम लहान असली तरी चालेल, पण पाच वर्षांसाठी कबूल करा, आणि दर दिवाळीला मुलांकडून गावाच्या पाण्याचा हिशोब ग्रामसभेत वाचून घ्या. आकडे गैरसोयीचे निघाले, तरी देणगी थांबवू नका.



— संपादक